माशांना लसूण घातला तो उन्हाळा

ऑगस्ट लागला की शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या काचांना बाहेरून घाम फुटतो. आत एसी गारठतो, बाहेर हवा उकळते आणि दोघांच्या भांडणात मधली काच ओलीचिंब होते. समोरचं खालिद लगून दिसेनासं होतं. मग त्या साचल्या पाण्यातून एक वास वर चढायला लागतो. तो लिफ्टने येत असावा, कारण असल्या हवेत नऊ मजले पायऱ्या चढायची ताकद वासातसुद्धा नसते. खारट, कोमट, थोडा शेवाळाचा, थोडा मेलेल्या माशाचा. मी बाल्कनीचं दार उघडून त्याला आत घेतो. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती सुलभाबाई ओरडतात, "अहो, दार लावा. एसी वाया चाललाय!" आमची कन्या ऋचा सोफ्यावरून मानही न उचलता सांगते, "बाबा, प्लीज. इट स्टिंक्स."

मी दार लावत नाही. वास येतो, पण वासाबरोबर जे यायला हवं ते येत नाही. काही लोक असे असतात की जुना वास आला की त्यांचे डोळे भरतात, गळा दाटतो. मी वाट बघत उभा राहतो. काही होत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, हाताला लागतो, पण आपला वाटत नाही. रास अल खैमातला तो उन्हाळा माझ्या आयुष्यात तसा आहे. चाचपला की जागेवर सापडतो. दुखत मात्र नाही.

मी वाढवून सांगतो, अशी माझी शारजाभर बदनामी आहे. ती खोटी आहे. मी फक्त खऱ्याला पाणी घालतो, ते आपलं आपण वाढतं. तरीही पुढे कुठे काही जास्त वाढलेलं दिसलं, तर वाचणाऱ्याने आपल्या हिशेबाने छाटून घ्यावं. सुलभा गेली कित्येक वर्षं तेच करते आहे, आणि आमचा संसार ठीक चाललाय.

तेव्हा नव्वदीची मधली वर्षं होती. सुलभा देवगडला होती, आणि मी रास अल खैमात सिमेंट फॅक्टरीच्या पुढे, डोंगर आणि खाडीच्या मधल्या पट्ट्यात एका मत्स्यशेतीवर स्टोअरकीपर होतो. कागदावर स्टोअरकीपर. प्रत्यक्षात खाद्य उतरवून घेणं, पंपाच्या डिझेलवर डोळा ठेवणं, पिकअप चालवणं आणि अरबाबला खोटं वाटणार नाही अशा बेताने खरं सांगणं, ही सगळी खाती माझ्याकडे. अरबाब म्हणजे आमचा मालक. त्याचे ट्रक होते, खजुराच्या बागा होत्या, आणि वाळवंटात मासे पिकवायची एक अजब हौस होती. त्यासाठी त्याने चार गोल सिमेंटच्या टाक्या बांधल्या होत्या. एवढ्या प्रचंड, की एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावरचा माणूस वळसा घालून येईपर्यंत जेवणाची वेळ होई. सुलभाने त्या नंतर एकदा पाहिल्या. ती म्हणते, एकेकीत बऱ्यापैकी लग्नाचा मांडव मावला असता. मावू दे बापडा.

त्या टाक्यांत विहिरीचं मचूळ पाणी आणि पाण्यात तिलापिया. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यात देवाने फुकट सोडलेले मासे, आणि आम्ही टाकीत मासे वाढवत होतो.

"गजाभाऊ, आमच्या दाभोळला जाऊन हे सांगितलं ना, तर लोक डोक्यावर कांदा ठेवतील. म्हणतील, ह्याला ऊन लागलं."

हे इसाकभाई. दाभोळच्या खाडीकाठचे, आमच्या टाक्यांचे राखणदार. माशांना सकाळ-संध्याकाळ हाताने खाणं घालायचं, पाणी बदलायचं, मेलेलं उचलायचं, हे त्यांचं काम. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठे. पाण्याकडे नुसतं बघून आत किती मासे आहेत ते सांगत, आणि मी म्हणतो, नावागावासकट सांगत. गावी त्यांची बायको रुकय्या होती, आणि शबनम नावाची मुलगी, जी हे इकडे आल्यावर जन्मली. एका सुट्टीत हे तिला पहिल्यांदा भेटायला गेले, तर ती आजीच्या मागे लपली आणि महिनाभर तिथेच राहिली. विमानात बसताना यांना आठवत होती ती फक्त आजीच्या लुगड्याच्या कडेने दिसणारी एक वेणी.

त्या वेणीसाठी अरबाबने शब्द दिला होता. एक उन्हाळा मासे जगवून दाखव. रमझानमध्ये माझ्या ताटात ह्या टाकीतला मासा येऊ दे. मग तू सुपरवायझर, पंपामागची स्वयंपाकघरवाली खोली तुझी, आणि तुझ्या फॅमिलीचा व्हिसा मी काढतो. इन्शाल्ला.

इन्शाल्लाचे इथे पुष्कळ अर्थ होतात. 'हो' होतो, 'बघू' होतो, 'आता निघ' असाही होतो. आमच्या अरबाबचा इन्शाल्ला मात्र सिमेंटमध्ये गाडलेल्या खांबासारखा होता. फक्त माशांनी अजून इन्शाल्ला म्हटलं नव्हतं.

आदल्या उन्हाळ्यात मासे स्पष्टच 'नाही' म्हणाले होते. पाणी तापलं की त्यांच्यात एक रोग शिरायचा. मासा गोल गोल फिरायला लागतो, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा. मग डोळे बाहेर येतात. मग तो उलटा होतो आणि पांढरं पोट दाखवत तरंगतो. त्याच्याही आधीच्या वर्षी दवाईवालं खाद्य दिलं तर रोग थांबला होता. त्या वर्षी तीच दवाई, तीच पोती, आणि रोग जणू ती चाटून पुसून खाऊन आणखी धष्टपुष्ट झाला. चारही टाक्या गेल्या. आम्ही चुना टाकून खड्ड्यात मासे पुरले. शेवटचा खड्डा बुजवला, आणि इसाकभाई आतून बंद झाले. रडले नाहीत, चिडले नाहीत, नमाज चुकवला नाही, काम चुकवलं नाही. बोलायचेही, पण पंप बोलतो तसे. पूर्वी टाकीवर खाणं घालताना काहीतरी गुणगुणायचे, ते गेलं. मी एकदा विचारलं, "इसाकभाई, तब्येत बरी ना?" तर म्हणाले, "तब्येतीला काय होतंय." आणि बादली उचलून चालायला लागले.

पुढच्या मे महिन्यात अरबाबने माशांचे डॉक्टर आणले. डॉक्टर नबील, इजिप्तचे. त्यांचं पोट असं, की ते टाकीच्या कडेवरून वाकले की पाणी आपण होऊन मागे सरायचं. हिंदी, इंग्रजी आणि अरबीची अशी मिसळ बोलायचे की तिखट लागायची. त्यांनी आमच्या दवाईची पोती पायाने ढकलली.

"ये खलास. जंतू स्मार्ट हो गया. और अरबाब बोलता है, मेहमान की प्लेट में हॉस्पिटल नहीं मंगता. अब हम लहसुन देंगे, हब्बा सौदा देंगे, कुरकुम देंगे. खाने में. रोज. बीमारी आने से पहले."

म्हणजे लसूण, कलौंजी आणि हळद. इसाकभाईंनी बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गजाभाऊ, हे सगळं माशाला मेल्यावर लावतात ना?"

तर सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं, लसूण ठेचा, हळद-कलौंजी वाटा, तेलात कालवा, आणि खाद्याच्या गोळ्यांवर चोळून सावलीत वाळवा. एवढं सांगून ते दुबईला निघून गेले. आता लसूण आणि तेल असे दोन शब्द एका वाक्यात सांगितल्यावर कोकणातला माणूस काय करणार? आम्ही तेल तापवलं. कढई एवढी मोठी होती की ती चुलीवर चढवायला क्रेन लागली असती, ती आम्ही हातांनी चढवली. आधी कलौंजी तडतडली, मग लसूण लालसर झाला, मग वरून हळद. खमंग फोडणी. त्या वासाने सिमेंट फॅक्टरीची शिफ्ट सुटायच्या आधी सुटली म्हणतात. डॉक्टरांची गाडी दोन दिवसांनी परत आली ती खिडक्या उघड्या ठेवून.

"वल्ला! लंच?" ते हात चोळत म्हणाले.

"नाही साहेब," मी म्हणालो, "माशांचं औषध."

डॉक्टरांनी कढईत बघितलं. मग डोक्याला हात लावला. "हबीबी! तुमने दवा को फ्राय किया? लहसुन की ताकत कच्चे में है. आग पे गया, खलास, मर गया!" मग रागारागाने खुबूस, म्हणजे इथली रोटी, मागवला, त्या फोडणीत बुडवून बुडवून खाल्ला, आणि सर्टिफिकेट दिलं, "दवा ज़ीरो. खाना फर्स्ट क्लास."

तेव्हापासून कच्चा लसूण. रोज दुपारी, सूर्याने माणसांना कामावरून हाकलल्यावर, पंपाच्या शेडखाली आम्ही लसूण सोलत बसायचो. मी, इसाकभाई आणि शेडवरचे दोघे जण. मी मित्रांना सांगतो, ट्रकच्या ट्रक लसूण सोलला. सुलभा म्हणते, पोती म्हणा. बरं, पोती. पण ती पोती सोलताना ट्रकसारखीच वाटायची. पहिले काही दिवस बोटांची आग आग व्हायची. नखांखाली, कातडीखाली, अगदी हाडापर्यंत. मग हळूहळू बोटं बधिर झाली. लसणाची पाकळी आहे की दगड आहे, ते बोटांना कळेना; डोळ्यांनी बघून ठरवायला लागायचं. वास अंगात इतका मुरला की कपडे धुऊन वाळत घातले तर डोंगरापलीकडे ओमानातल्या बकऱ्या शिंकायच्या. डास तर सगळे होडीत बसून इराणला गेले. बाजारात मी दुकानात शिरलो की मलबारी दुकानदार पंखा माझ्याकडे वळवायचा; स्वागत म्हणून नव्हे, वास बाहेर जावा म्हणून.

मी असं सगळं बडबडायचो, बाकीचे हसायचे, इसाकभाई सोलत राहायचे. आता विचार करतो तर वाटतं, त्या शेडखाली मी आयुष्यातले सगळ्यात जास्त विनोद केले असतील. सगळ्यात कमी काही वाटण्याचा काळही तोच. दोन्हींचा संबंध असेल. डोंगर पांढरा, आकाश पांढरं, खाडी पांढरी. अंगातून घाम नव्हे, सगळा माणूसच पाझरून चाललाय असं वाटायचं. सुलभाची आठवण यायची म्हणजे आठवायचं, की आठवण यायला हवी. मी जेवढं वाढवून बोलत होतो, तेवढं आत कमी वाटत होतं.

मासे मात्र जून-जुलै चांगले राहिले. लसणाचं खाणं टाकलं की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. चारही टाक्या एकामागून एक उसळायच्या. इसाकभाई मूठ रिकामी झाली तरी हात तसाच पुढे धरून बघत राहायचे. एका संध्याकाळी ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि काही संबंध नसताना म्हणाले, "पंपामागच्या खोलीला खिडकी एकच आहे. पण वारा लागतो." मी म्हणालो, "वारा? इसाकभाई, तिथे एवढा वारा लागतो की भाभी उडून जाऊ नयेत म्हणून त्यांना दोरी बांधावी लागेल." ते हसले नाहीत. पण रागावलेही नाहीत.

मग ऑगस्ट आला. ती दमट, चिकट, तोंडावर ओलं फडकं टाकावं तशी हवा. आणि दुसऱ्या टाकीत एक मासा गोल फिरायला लागला.

दुसऱ्या दिवशी पुष्कळ फिरत होते. डॉक्टर कामानिमित्त अबू धाबीला. त्यांचा नियम पक्का सांगितलेला होता: चारही टाक्यांना, सारखं, रोज. आम्ही जेवढा लसूण सोलू शकायचो तेवढाच होता. तो चार ठिकाणी वाटला जायचा. इसाकभाईंनी त्या सकाळी चारही बादल्या उचलल्या आणि दुसऱ्या टाकीवर नेल्या.

"अहो, बाकीच्यांना?" मी विचारलं.

"बाकीचे धडधाकट आहेत."

"डॉक्टर म्हणाले होते..."

"गजाभाऊ, घरात एका पोराला ताप आला तर काढा कुणाला देतात? आजारी असतो त्याला का खेळत असतो त्याला?"

माझ्या आईनेही तेच केलं असतं. जगातल्या कुठल्याही आईने तेच केलं असतं. आम्ही सगळा लसूण, सगळी हळद, सगळी कलौंजी दुसऱ्या टाकीला दिली. आणखी जास्त सोलला, आणखी जास्त दिला. तिथलं पाणी उसळलं नाही. खाणं तरंगायचं, भिजायचं, खाली बसायचं. इसाकभाई टाकीच्या कडेवर बसून आजारी पोराच्या उशाशी बसतात तसे हळू आवाजात म्हणत, "खा रे. थोडं खा." बाकीच्या तीन टाक्यांना साधं खाद्य. ते बिचारे आनंदाने खात होते.

डॉक्टर परत आले, तेव्हा दुसऱ्या टाकीच्या पाण्यावर साय धरल्यासारखा तवंग होता, आणि तिसऱ्या टाकीत एक मासा गोल फिरत होता. डॉक्टरांनी काठी घालून तळ ढवळला. कुजलेलं खाणं वर आलं. पहिल्यांदाच मी त्या माणसाला हळू बोलताना ऐकलं.

"इसाक. बीमार मछली खाना नहीं खाती. उसका मुँह बंद है. लहसुन मुँह से जाता है. ये दवा बीमार के लिए नहीं है. ये उसके लिए है, जो अभी तक खा रहा है."

"तो इनका क्या?" इसाकभाईंनी दुसऱ्या टाकीकडे बोट केलं.

"इनको छोड़ दो."

"छोड़ दो मतलब?"

"मतलब छोड़ दो. खाना बंद, पानी बंद. लहसुन वो तीन को दो."

इसाकभाई म्हणाले, "डॉक्टर साब, एक बच्चा बीमार हो तो माँ उसको छोड़ के बाकी को खिलाती है?"

"तुम माँ नहीं है. तुम मछली का आदमी है," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी आपली टोपी काढून पुन्हा घातली. ते वाईट माणूस नव्हते. "तीन टाकी गया, तो तुम्हारा बच्ची गाँव में रहेगा. समझो, हबीबी."

इसाकभाई समजले. त्यांनी तीन बादल्या उचलल्या आणि तीन टाक्यांवर गेले. दुसऱ्या टाकीच्या बाजूने जाताना मान फिरवली नाही, पावलं लवकर उचलली नाहीत. रोज तिच्या कडेने जायचे, रोज तिला काही न देता जायचे. आम्ही मेलेले मासे जाळ्याने काढायचो, चुना टाकून पुरायचो, परत येऊन लसूण सोलायला बसायचो. उरलेले मासे आम्हाला बघून काठाशी यायचे. सवयीने तोंड उघडायचे आणि मिटायचे. भूक नव्हती, नुसती सवय. ह्या जागी मी पुष्कळदा काहीतरी भारी सांगायचा प्रयत्न केलाय, चार माणसांत बसल्यावर. की आम्ही रडलो, की आकाश काळं झालं. काही झालं नाही. ऊन होतं. आम्ही दुपारी जेवलो. आमटी खारट झाली होती, त्यावरून थोडं भांडण झालं.

टाकी रिकामी झाल्यावर ती धुऊन, जंतुनाशक टाकून उन्हात सुकवायची होती. इसाकभाई शिडीने आत उतरले. मी काठावरून बघितलं, तर त्या पांढऱ्या गोल तळाच्या मधोमध झाडू धरून ते उभे. इथे मी वाढवत नाही. तिथे खरंच ते अंगठ्याएवढे दिसत होते.

"इसाकभाई, या वर. डोकं तापेल."

"येतो. जरा बरं वाटतंय इथं."

"काय बरं वाटतंय त्या भट्टीत?"

"काहीच वाटत नाय," ते खालून म्हणाले. त्यांचा आवाज टाकीत फिरून वर आला. "तेच बरं."

मी काठावरून शिडी धरून ठेवली.

सप्टेंबर सरता सरता वारा फिरला. सकाळी डोंगराची कड दिसायला लागली, धारदार. तिसऱ्या टाकीतले थोडे गेले, बाकी राहिले. पहिली आणि चौथी जशीच्या तशी. मी आजपर्यंत जगाला सांगत आलोय, की लसणाने तीन टाक्या वाचवल्या. मी डॉक्टरांनाही तसंच म्हणालो होतो. ते पोट हलवून हसले. "लहसुन ने किया. साफ पानी ने किया. हवा ठंडा हुआ, उसने किया. आजारी टाकी अलग रही, उसने किया. कितना कितना किया, अल्ला को मालूम." 'आजारी' हा शब्द तेवढा ते आमच्याकडून शिकले होते. शास्त्र शिकलेल्या माणसांचं असं असतं. एक छानसं गोष्टीसारखं कारण हातात असताना ते चार कारणं देतात. माझ्या गोष्टीत लसूणच आहे. लसूणच राहणार.

त्या वर्षी रमझान थंडीत आला. अरबाबच्या घरी इफ्तारला आमच्या टाकीतले मासे गेले, आख्खे, निखाऱ्यावर भाजलेले. मी आणि इसाकभाई घेऊन गेलो होतो, आणि दाराशी उभे होतो. अरबाबने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि आपल्या आचाऱ्याकडे वळून विचारलं, "लसूण जरा जास्त नाही का घातलास?" आचारी शपथेवर सांगायला लागला, की लसणाची पाकळीसुद्धा घातली नाही. आम्ही दोघे गालिच्याकडे बघत होतो. सुलभा म्हणते, हे तुम्ही रचलंय. रचलं असेल. पण अरबाबने दुसरा मासा घेतला हे खरं, आणि हात धुऊन बाहेर आल्यावर इसाकभाईंच्या खांद्यावर हात ठेवून "मबरूक, सुपरवायझर," म्हणत अभिनंदन केलं, हेही खरं.

इकडे शारजात सुलभाने शेवटी स्वतः येऊन बाल्कनीचं दार लावलं. वास तुटला. काचेवरचं पाणी मात्र बाहेरून ओघळतंच आहे. आता पुढचं सांगतो ते दार लावूनच. त्यात पाणी घालायला मला कधी जागा सापडली नाही.

शारजाच्या विमानतळावर मी पिकअप घेऊन गेलो, डबल केबिनची. इसाकभाई इस्त्रीच्या शर्टात, न्हाव्याकडून थेट आलेले. रुकय्याभाभी बाहेर आल्या. ट्रॉलीवर पोतं, दोरीने बांधलेली पेटी, आणि पेटीवर शबनम बसलेली. सलाम झाला. "प्रवास नीट झाला?" "झाला." इतकंच. मी इकडे इतक्या वर्षांनी होणाऱ्या भेटीसाठी कोपऱ्यात उभा राहून छाती भरून घ्यायला तयार होतो, तर इसाकभाईंनी पेटी उचलली, गाडीत टाकली, आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. मागे त्या दोघी. पूर्ण रस्ताभर त्यांनी समोरच्या काचेतून बाहेर बघितलं. डोंगर दिसायला लागले तेव्हा शबनम म्हणाली, "अम्मी, ह्या डोंगराला झाडं का नाय?" भाभी म्हणाल्या, "इथले डोंगर असेच असतात." मग आरशातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "भाऊ, हे आता बोलत नाहीत काय?"

इसाकभाई शेजारी बसलेले होते. माझ्याकडे त्या वेळी पन्नास थापा तयार असतील, एकेक अशी की अख्खी पिकअप हसली असती. एकही तोंडात आली नाही.

"सवय गेलीय, भाभी," मी म्हणालो.

त्या "होय काय" म्हणाल्या आणि शबनमचा रुमाल नीट करू लागल्या.

खोली इसाकभाईंनी स्वतः रंगवली होती. एक खिडकी, तिला पडदा. शेगडी, दोन पातेली, नवी चटई. भाभी दाराशी एक क्षण थांबल्या, बिस्मिल्ला म्हणून आत गेल्या, आणि गेल्या त्या लगेच पेटीची दोरी सोडायलाच बसल्या. तांदळाचं पीठ निघालं, कोकम निघालं, सुकट निघाली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. त्या शेतीवर आम्ही चार-पाच बाप्ये वर्षानुवर्षं भांडी आपटत होतो, पण हा आवाज वेगळा होता. मला तो कळला, असं म्हणत नाही. ऐकू आला.

इसाकभाई बाहेर नळाशी उभे. त्यांनी हात धुतले, पाय धुतले, पुन्हा हात धुतले. मी गाडीतून पोतं काढून भिंतीशी ठेवलं. ते दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. दार सताड उघडं होतं. त्यांनी चौकटीवर बोटाने टकटक केली.

"येऊ?" त्यांनी विचारलं.

आतला आवाज बंद झाला. भाभी म्हणाल्या, "दारात उभा राहून विचारतो तो पाव्हणा. तुम्ही कोण?"

त्या चेष्टेने म्हणाल्या होत्या. पण इसाकभाईंनी तो प्रश्न खराच घेतला. मी बघत होतो. एका हाताने चौकट धरून ते विचार करत उभे होते, शाळेत फळ्याकडे बोलावलेल्या मुलासारखे. शबनम आईच्या मागून पुढे आली आणि तीही त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली, उत्तर काय येतं ते ऐकायला.

"मी इसाक," ते म्हणाले, आणि आत गेले.